मुळशीचें पाणी आणि मुंबईची वीज : एका शक्तिपालटाचा जमाखर्च

१. प्रस्ताव

जमाखर्चाचे कागद इतिहाससंशोधकास नवे नाहींत. पेशवे दफ्तरांतील रोजकीर्दी, गांवकुळकर्ण्यांचे ताळेबंद, सावकारांच्या वह्या यांवरून राज्याची व रयतेची स्थिति जितकी उघड होते तितकी बखरींवरून होत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. परंतु असे कागद पुष्कळ दिवस हाताळल्यावर वाचणाराच्या आणखीहि एक गोष्ट ध्यानांत येते. कीर्दींत काय लिहिलें आहे याजबरोबर काय लिहिलेलें नाहीं हेंहि पाहावें लागतें. वेठीनें करविलेलें काम खर्चीं पडत नाहीं. म्हणून तें काम झालेंच नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका जमाखर्चाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. विषय अर्वाचीन आहे, शिक्केकट्यारीच्या काळांतला नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. हल्लीं कोळसा जाळणें सोडून सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज उत्पन्न करावी अशी चर्चा सर्व देशांत चालू आहे. या पालटास खर्च किती येईल व तो कोणीं सोसावा, यावर पुष्कळ लिहिलें जातें. आणि तें अशा रीतीनें लिहिलें जातें कीं, जणूं हा प्रश्न प्रथमच उद्भवला आहे. वास्तविक आपल्या सह्याद्रींत तो एकदां उद्भवून गेलेला आहे. १९१५ पासून १९२७ पर्यंतच्या बारा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा भाग कोळशावरून पाण्याच्या विजेवर आला. त्या पालटाचा लाभ कोणास झाला, खर्च कोणत्या वहींत लिहिला गेला, आणि कोणता खर्च कोणत्याच वहींत लिहिला गेला नाहीं, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

२. कोळशाचा हिशेब

कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंत पहिली कापूसगिरणी उभारण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हांपासून पुढें साठ वर्षें त्या शहराच्या भाग्याचीं चाकें वाफेवर फिरत होतीं. कापूस वऱ्हाड-खानदेशांतून येई, मजूर कोंकणांतून व घाटावरून येत, सुताला चीनपर्यंत गिऱ्हाईक होतें. परंतु बाष्पयंत्रास लागणारा कोळसा मात्र मुंबईच्या आसपास कोठेंच निघत नव्हता. कांहीं कोळसा विलायतेहून जहाजांतून येई, व कांहीं राणीगंज, झरिया येथील खाणींतून हजार मैलांची वाट चालून येई. ही वाट आगगाडीनें वा आगबोटीनें काटावयाची म्हणजे कोळसा आणण्यासाठींहि कोळसाच जाळावयाचा. खाणीच्या तोंडाशीं स्वस्त असलेला माल गिरणीच्या दारांत येईपर्यंत महाग होई तो यामुळेंच.

या हिशेबांत वहीबाहेरचीं कलमेंहि होतीं. धुराचा उपद्रव इतका वाढला कीं, त्यास आळा घालण्यासाठीं मुंबई सरकारास १९१२ मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. दूर झरियाच्या खाणींत १९१६ मध्यें जमिनीखालील आग आढळली. ती पसरत जाऊन शंभर वर्षांनंतरहि तेथील वस्त्या उठवाव्या लागत आहेत. मुंबईच्या गिरणीवाल्यानें कोळशाचें जें मोल दिलें त्यांत यांपैकीं कांहींच आलेलें नव्हतें. हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, पुढें आम्ही पाण्याच्या विजेचा झांकलेला खर्च मांडणार आहों. त्यावरून कोळशाचें राज्य सुखाचें होतें असा समज कोणीं करून घेऊं नये.

३. पांढरा कोळसा

फ्रान्समधील एका डोंगराळ भागांत आरिस्तिद बेर्जेस नांवाच्या कारखानदारानें १८८९ च्या सुमारास कड्यावरून उतरणाऱ्या पाण्यास ‘पांढरा कोळसा’ असें नांव दिलें. या कोळशाची खाण सह्याद्रींत मुंबईच्या दाराशींच आहे, हें जमशेटजी टाटा यांनीं ओळखलें होतें. ते १९०४ मध्यें वारले. तथापि त्यांच्या मागून त्यांच्या मुलांनीं ती योजना सोडली नाहीं. १९१० मध्यें जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. तिचें भांडवल विलायतेंत न उभारतां मुख्यतः येथील संस्थानिक व व्यापारी यांजकडून उभारण्यांत आलें, ही गोष्ट त्या काळीं अभिमानाची मानली गेली व ती तशी होतीहि. फेब्रुवारी १९११ मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळ्यास कामाचा पाया घातला गेला, व फेब्रुवारी १९१५ मध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें वीज सुरू झाली.

योजना मोठी कल्पक होती. इंद्रायणी, तिची उपनदी आंद्रा, व मुळा या नद्या घाटाच्या अगदीं कडेशीं उगम पावतात. पण त्यांचा ओघ मात्र पूर्वेकडे आहे. भीमेस व पुढें कृष्णेस मिळून त्यांचें पाणी शेंकडों मैल सावकाश वाहत बंगालच्या उपसागरास जातें. तेंच पाणी उगमाजवळ अडवून, बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेकडे कड्याखालीं सोडलें, तर सतराशें फुटांच्या आसपास उडी मिळते. वळवण, लोणावळा व शिरवतें येथील तळ्यांचें पाणी याप्रमाणें खोपोलीस उतरविण्यांत आलें. त्यानंतर आंद्रेचें पाणी ठोकरवाडीस अडवून १९२२ मध्यें भिवपुरीस, व मुळेचें पाणी मुळशीस अडवून १९२७ मध्यें भिरा येथें उतरविण्यांत आलें. खोपोलीहून तारा परळपर्यंत, म्हणजे चाळीस मैलांहून अधिक, नेल्या होत्या. गिरणीच्या आवारांतील कोळशाचे ढीग, बॉयलर व भट्टीवाले यांची जागा एका तारेनें घेतली. पहिल्या महायुद्धांत जहाजें युद्धाच्या कामीं लागून कोळसा दुर्मिळ व महाग झाला, तेव्हां तर पाण्याच्या विजेची महती निराळी सांगावी लागली नाहीं.

४. चार महिन्यांचा पाऊस, बारा महिन्यांची गिरणी

आतां या विजेच्या खर्चाकडे वळूं. कोळशाच्या यंत्रास आरंभीं खर्च थोडा, पण सरपणाचा खर्च रोजचा व अखंड. पाण्याच्या यंत्राचें उलट आहे. सरपण फुकट, पण धरणें, बोगदे, नळ व तारा यांचा सर्व खर्च पहिला घडा भरण्यापूर्वींच करावा लागतो. म्हणून कोळशाची वीज बाजारभावाच्या अधीन असते, व पाण्याची वीज व्याजाच्या. युद्ध संपून पुढें कोळशाचा भाव उतरला. भांडवलाचा बोजा मात्र उतरला नाहीं. १९२९ मध्यें या वीजकंपन्यांच्या व्यवस्थापनांत एका अमेरिकन कंपनीस भागीदार करून घ्यावें लागलें. हल्लीं सूर्यशक्तीविषयीं जो युक्तिवाद ऐकूं येतो, कीं ऊन फुकट आहे पण तें धरणारीं यंत्रें फुकट नाहींत, तो हाच.

परंतु याहून महत्त्वाचें कलम दुसरें आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडतो. आणि गिरणी बारा महिने चालावयाची असते. सबब वाहत्या पाण्यावर भागत नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचें पाणी सांठवून पुढच्या मे अखेरपर्यंत पुरवावें लागतें. यासाठीं तळें लागतें, आणि तें लहान असून चालत नाहीं. डोंगराळ मुलखांत मोठ्या तळ्यास जागा एकच असते, ती म्हणजे खोऱ्याचा सपाट तळ. तोच तळ भातशेतीचा, आणि म्हणून गांवांचाहि असतो. निसर्गाची शक्ति विनामूल्य मिळत असली तरी ती अवेळीं मिळते; वेळेपर्यंत ती राखून ठेवण्यास स्थळ लागतें, आणि तें स्थळ बहुधा कोणाचें तरी असतें. आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म येथें आहे, आणि कंपनीच्या ताळेबंदांत तें शोधून सांपडत नाहीं.

मुळशी पेट्याचें खोरें म्हणजे आपल्या परिचयाचें मावळ. पौड, मुठें, मोसें, कोरबारसें हीं नांवें शिवकालीन कागदांत वाचकांनीं शेंकडों वेळां वाचलीं असतील. नदीकांठीं भातखाचरें, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, राबासाठीं राखलेलीं झाडें व घराशेजारीं आंबा-फणस, असा तेथील संसार. आंबेमोहोर तांदुळाबद्दल या भागाची कीर्ति अद्याप टिकून आहे. एकेक खाचर पिढ्यानुपिढ्या बांध घालून, माती ओढून तयार केलेलें असतें. अशा मुलखांतील पन्नासाच्या आसपास गांवें, व दहा हजारांहून अधिक माणसें, मुळशीच्या धरणाच्या पोटांत येत होतीं.

५. कायद्याची वजाबाकी

या जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द झाला असल्यामुळें आतां तोहि इतिहासाचें साधन झाला आहे, आणि साधन म्हणून तो बारकाईनें वाचण्यासारखा आहे. त्याच्या सातव्या भागांत सरकारनें कंपन्यांसाठीं जमीन घेण्याची तरतूद होती. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे. जमिनीचा बाजारभाव काढावयाचा, व घेणें सक्तीचें असल्याबद्दल त्यावर शेंकडा १५ अधिक द्यावयाचे, असा मोबदल्याचा नियम होता.

पण खरें वाचनीय कलम चोविसावें आहे. मोबदला ठरवितांना कोणत्या गोष्टी विचारांत घेऊं नयेत, याची यादी त्यांत दिली आहे. पैकीं दोन येथें सांगतों. जमीन सोडून देण्याविषयीं मालकाची नाखुषी विचारांत घेऊं नये, ही एक. घेतलेल्या जमिनीचा पुढें जो उपयोग व्हावयाचा, त्यामुळें तिचें मोल वाढणार असलें तरी तें विचारांत घेऊं नये, ही दुसरी. म्हणजे मावळ्याच्या खाचराची किंमत तें भाताचें खाचर म्हणूनच होणार. मुंबईच्या गिरण्या चालविणाऱ्या तळ्याचा तळ म्हणून होणार नाहीं. आणि ‘मला हें विकावयाचेंच नाहीं’ हें त्याचें म्हणणें शून्य धरलें जाणार. एका बाजूनें तोट्यांतील मुख्य रक्कम व दुसऱ्या बाजूनें नफ्यांतील मुख्य रक्कम, अशा दोन्ही रकमा कायद्यानेंच हिशेबांतून वजा केल्या होत्या. मग बाकी काय राहणार?

येथें संस्कृतज्ञ वाचकांस एका जुन्या नियमाची आठवण देतों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘उदकभाग’ नांवाचा कर सांगितला आहे. हातानें पाणी उपसून शेत भिजविणारानें पंचमांश द्यावा, खांद्यावरून वाहून आणणारानें चतुर्थांश, आणि प्रवाहयंत्रानें पाणी खेळविणारानें तृतीयांश. ज्याचे श्रम यंत्र वांचवितें त्यानें अधिक द्यावें, असा या चढत्या प्रमाणाचा आशय आम्हांस दिसतो. पाण्याच्या सामर्थ्यापासून होणारा लाभ हा मोजण्याजोगा व वांटून घेण्याजोगा आहे, हें तत्त्व त्यांत गृहीत आहे. योगायोग असा कीं, शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें हा ग्रंथ पोथीवरून शोधून १९०९ मध्यें छापिला व १९१५ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. म्हणजे लोणावळ्याच्या कंपनीच्या स्थापनेपूर्वीं एक वर्ष मूळ ग्रंथ, आणि खोपोलीची वीज सुरू झाली त्याच वर्षीं भाषांतर. तत्त्व छापून तयार होतें. तें कोणीं लावून पाहिलें नाहीं.

मोबदल्याचे पैसे तरी कोणाच्या हातीं गेले? पेट्यांतील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवावर होत्या, आणि मावळा कूळ म्हणून त्या कसत होता. कायद्याच्या दृष्टीनें मोबदला हितसंबंधी इसमांत वांटावयाचा. पण कागदोपत्रीं ज्याचा हितसंबंध पक्का त्याचाच वांटा पक्का. ज्याची खाचरें बुडालीं तो व ज्याला त्यांबद्दल रुपये मिळाले तो, हे दोघे पुष्कळ वेळां निराळे होते. पुढें लढ्यांत जी फूट पडली तिचें मूळ या एका गोष्टींत आहे.

६. जान किंवा जमीन

मुळशीचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सुरू झाला. शेंकडों मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांच्या नांवामागें ‘सेनापति’ ही पदवी लागली ती याच लढ्यांत. काम कांहीं महिने थांबलें. पण वर्षअखेर पुन्हा सुरू झालें. मग तुरुंगवास, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंगवास, असें १९२४ पर्यंत चाललें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बापटांनीं कामाच्या आगगाडीची वाट अडविली, व त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्यें भिरा येथील वीज चालू झाली.

हा वृत्तांत अनेकांनीं लिहिला आहे; भुस्कुटे यांनीं स्वानुभवानें लिहिला, व अलीकडे राजेंद्र व्होरा यांनीं त्याची संशोधनपूर्वक चिकित्सा केली. आम्ही त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. आमच्या विषयापुरत्या दोन गोष्टी नमूद करतों. पहिली ही कीं, कंपनी स्वदेशी होती. परकी सरकारशीं भांडणें सोपें होतें. परंतु स्वदेशी भांडवलानें, स्वदेशी गिरण्यांसाठीं, परदेशी कोळशाचें अवलंबन कमी करणारें काम चाललें असतां त्यास विरोध करावा कीं नाहीं, या प्रश्नानें पुण्याच्या राष्ट्रीय पक्षाचीं मनें दुभंगलीं. दोन्ही बाजूंस देशहितच होतें. दुसरी गोष्ट ही कीं, जमीनमालक सावकार व कसणारे मावळे यांचीं मागणीं एक नव्हतीं. एकांस मोबदला वाढून मिळाला म्हणजे पुरे होतें. दुसऱ्यांस जमीनच हवी होती. ‘जान किंवा जमीन’ या घोषणेंत रुपयांचें नांवच नाहीं, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. चोविसाव्या कलमानें जी नाखुषी शून्य धरली होती तिचा आंकडा मावळ्यांनीं आपल्या परीनें लिहून दिला होता, इतकाच त्याचा अर्थ.

७. पुढील बाकी

शंभर वर्षांनंतर हा हिशेब पाहतां कांहीं विलक्षण बाकी निघतात.

पाण्याची वीज आली म्हणून कोळसा गेला असें झालें नाहीं. कल्याण-पुणें रेल्वेमार्ग १९२९ मध्यें विजेवर आला, तेव्हां रेल्वेनें ठाकुर्लीजवळ कोळशावर चालणारें स्वतःचें वीजघर उभारलें. टाटांनींहि १९५६ मध्यें तुर्भ्यास, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक वीजघर चालू केलें. शहराची भूक पाण्याच्या विजेपेक्षां वेगानें वाढली. नवी शक्ति जुनीस हुसकून लावील अशी समजूत असते. पुष्कळदां ती तिच्या शेजारीं पंक्तीस येऊन बसते.

दुसरी बाकी गिरण्यांची. ज्यांच्यासाठीं मुळशी बुडाली त्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या, व परळ-लालबागच्या त्यांच्या आवारांत आतां उंच इमारती आहेत. तळें मात्र जागच्या जागीं आहे. गरज उपजते, पालटते व नाहींशी होते. तिच्यासाठीं बुडविलेली जमीन वर येत नाहीं. मुंबईंत घरोघरचे डबे कचेऱ्यांत पोंचविणारे डबेवाले पुष्कळसे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर याच भागांतले, हेंहि येथें आठवतें.

तिसरी बाकी पाण्याचीच. घाटावरून पश्चिमेस उतरलेलें पाणी भीमेच्या खोऱ्यास कायमचें अंतरलें. कृष्णा पाणीतंट्याचा निवाडा न्यायमूर्ति बचावत यांच्या लवादानें १९७३ मध्यें दिला व १९७६ मध्यें तो अंतिम झाला. त्यांत टाटांच्या या कामांसाठीं कोणत्याहि एका वर्षीं ५४.५ अब्ज घनफुटांहून अधिक, व लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी पश्चिमेस वळवूं नये अशी मर्यादा घातली. सोलापुराकडे दुष्काळ पडला कीं हें पाणी पूर्वेस सोडा अशी मागणी होते. ती न्याय्य वाटते. परंतु खोपोलीचें पाणी पाताळगंगेस, भिवपुरीचें उल्हास नदीस व भिऱ्याचें कुंडलिकेस मिळून त्या नद्या उन्हाळ्यांतहि वाहत्या राहिल्या, आणि त्यांच्या कांठीं शहरें व कारखाने वसले. आज त्यांचा घसा त्याच पाण्यानें ओला होतो. जें १९१५ मध्यें गिरणीचें सरपण होतें तें आतां लाखोंचें पिण्याचें पाणी झालें आहे. एका अन्यायाचें परिमार्जन करावें तर दुसरा पदरीं येतो. कालांतरानें प्रत्येक खर्चावर कोणाचा तरी संसार उभा राहतो, आणि म्हणून तो खर्च पहिल्या दिवशींच नीट मोजणें अगत्याचें असतें.

८. उदंचन

हें सर्व आतां कशास सांगावयाचें, असें कोणी विचारील. कारण तींच तळीं पुन्हा चर्चेंत आलीं आहेत. सूर्य दिवसा तापतो, व दिवे रात्रीं लागतात. तेव्हां दिवसाच्या विजेनें खालचें पाणी वर चढवून ठेवावें व रात्रीं तें खालीं सोडून वीज घ्यावी, अशी युक्ति आहे. तिला सरकारी मराठींत ‘उदंचन’ असें नांव दिलेलें आढळतें. शब्द चांगला आहे. संस्कृतांत उदंचन म्हणजे विहिरींतून पाणी वर काढण्याचा पोहरा. भिऱ्यास या प्रकारचें १५० मेगावॉटचें यंत्र गेल्या शतकाच्या अखेरीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें शिरवतें येथें १८०० व भिवपुरी येथें १००० मेगावॉटच्या उदंचन योजनांचा करार राज्य सरकार व टाटांची वीजकंपनी यांजमध्यें झाला. खोपोली व भिवपुरी येथील जुनीं वीजघरें अनुक्रमें ७२ व ७५ मेगावॉटचीं आहेत, यावरून नव्या कामाचा आवांका कळेल.

चार महिन्यांच्या पावसाचा व बारा महिन्यांच्या गिरणीचा जो प्रश्न होता तोच हा बारा तासांच्या उन्हाचा व चोवीस तासांच्या शहराचा प्रश्न आहे. उत्तरहि तेंच आहे : सांठवण, आणि सांठवणीस स्थळ लागतें. राजस्थानांतील सौर पत्रे असोत कीं सातारच्या पठारावरील पवनचक्क्या असोत, शक्ति आकाशांतून आली तरी ती उतरते कोणाच्या तरी जमिनीवर. आम्ही या योजनांच्या विरुद्ध नाहीं. झरियाची आग ज्यानें विचारांत घेतली तो कोळशाचा पक्ष घेऊं शकणार नाहीं. कायदाहि पूर्वींचा राहिला नाहीं. राज्यानें १९७६ मध्यें प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानें बाजारभावावर अधिक द्यावयाची रक्कम शेंकडा १०० झाली, व सामाजिक परिणामांची पाहणी आधीं करण्याचा नियम आला. ही सुधारणा थोडी नाहीं. मुळशीच्या मावळ्यांनीं जो आंकडा लिहून दिला होता त्याचा कांहीं अंश नव्वद वर्षांनीं कायद्यांत उतरला, असें आम्ही समजतों. तरी जमीन देणारास तिच्यावरील विजेच्या लाभांत कायमचा भाग, म्हणजे कौटिल्याचा उदकभाग, असावा कीं नाहीं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

शेवटीं आपल्या मंडळींपाशीं एक मागणें आहे, व त्यासोबत आमची एक चूक कबूल करावयाची आहे. आम्ही शाळेंत होतों त्या काळीं, सुमारें तीस वर्षांपूर्वीं, पौडाकडील एका विद्यार्थ्यानें घरांतला जुन्या कागदांचा रुमाल आम्हांस दाखविण्यास आणला. आम्हीं तो मोठ्या आशेनें सोडला. वतनाची सनद, निदान एखादें मोडी महजर निघेल अशी अपेक्षा होती. आंत निघालें तें सर्व १९२० नंतरचें : जमीन घेतल्याची नोटीस, रुपये पोंचल्याची पावती, आणि शिसपेनीनें लिहिलेली झाडांची यादी, आंबे इतके, फणस इतके, हिरडे इतके. ‘यांत ऐतिहासिक कांहीं नाहीं’ असें सांगून आम्हीं तो रुमाल परत बांधून दिला. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्या घराची चौकशी केली तेव्हां घर पाडून नवें बांधलें होतें, आणि जुने कागद कोठें गेले तें कोणासच सांगतां येईना. त्या यादींत झाडें किती होतीं हें आम्हांस आज आठवत नाहीं. तीं आम्हीं मोजलींच नव्हतीं.

१८१८ पूर्वींचा तो इतिहास व नंतरची ती रद्दी, ही संग्राहकांची जुनी संवय आमच्या अंगीं इतकी भिनली होती. कंपनीचा ताळेबंद कंपनी जपते, सरकारचे निवाडे सरकारी दफ्तरांत असतात. परंतु नोटिसा, पावत्या, वांटणीचे तंटे, झाडांच्या याद्या, मुंबईस गेलेल्या मुलानें गांवीं पाठविलेलीं पत्रें, हीं बुडालेल्या गांवांच्या बाजूचीं साधनें घरोघरच्या फडताळांत आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईंत तीं कमी होत आहेत. लोणावळें, आंदर मावळ, मुळशी व कोयनेकडील सभासदांनीं अशीं कागदपत्रें पाहावीं, घरच्या मंडळींच्या संमतीनें त्यांच्या नकला अगर छायाचित्रें करून मंडळाकडे पाठवावीं, आणि मूळ कागद त्या घरींच सुरक्षित ठेवण्यास सांगावें. येणाऱ्या योजनांच्या वेळींहि नोटिसा निघतील व पावत्या होतील. त्याहि आतांपासूनच जपाव्या. मुळशीपुरतें हें काम करण्यास आम्ही स्वतः सिद्ध आहों, व पावसाळा संपतांच पौडापासून आरंभ करणार आहों. ज्या सभासदांस बरोबर यावयाचें असेल त्यांनीं मंडळाच्या कार्यालयांत कळवावें.